पुढचं वाक्य

ज्या साली श्यामलाचं लग्न कलकत्त्यात लागलं आणि दिव्यांना काळे कागद डकवायचा हुकूम असल्यामुळे पंगती ऊन असतानाच उरकाव्या लागल्या, ते साल एकाहत्तर. मार्गशीर्ष होता, लढाई सुरू होती, आणि भोंगा वाजला की भटजीसुद्धा मंत्र अर्धा सोडून आभाळाकडे बघत. श्यामला ही श्रीधर शिंत्रेची धाकटी बहीण. आईवडील मागेच गेलेले, तेव्हा श्रीधरदादा आणि हेमावहिनी हेच तिचं माहेर.

कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावानं नवरदेवाचा कान पिळायचा आणि बहिणीला नीट वागव असं बजावायचं, एवढंच ते काम. श्रीधर पुढं झाला, हात उचलला आणि तिथंच थांबला. हात हवेत, डोळे कुठं तरी लागलेले.

"अहो, मेव्हण्याचा कान आहे, निखारा नव्हे," कोणी तरी म्हणालं आणि मांडव हसला.

हेमा त्याच्या मागंच उभी होती. ओठ न हलवता ती म्हणाली, "उजवा कान धरा. हलकेच पिळा."

श्रीधरनं कान धरला, हलकेच पिळला. नवरदेव ओरडल्याचं सोंग करू लागला आणि कार्य पुढं सरकलं. हेमाला यात नवल वाटलं नाही. लग्नाला बारा-तेरा वर्षं झाली होती आणि तिचं आयुष्य बरंचसं असंच, नवऱ्याच्या पाठीमागं उभं राहण्यात गेलं होतं. 

श्रीधर दिसायला राजबिंडा, आवाज घुमटात बोलल्यासारखा. कलकत्त्यातल्या मराठी मंडळाच्या गणेशोत्सवातलं नाटक त्याच्यावाचून होत नसे. पण पाठांतर म्हणाल तर पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून हेमा डाव्या विंगेत प्रॉम्प्टर. मंडळात थट्टा चाले, की श्रीधरपंतांचे पाय रंगमंचावर आणि कान बायकोच्या पदराला. मंडळाची नाटकं बसवणारे मनोहरकाका हेमाला पहिल्याच वर्षी म्हणाले होते, "पोरी, प्रॉम्प्टरची दोनच कामं. नट थांबला की विचार करायचा नाही, वाक्य द्यायचं. आणि ज्याला बाहेर ढकललंस तो आत येईस्तोवर जागा सोडायची नाही." हेमानं ते पदराला गाठ मारून ठेवलं होतं.

मांडवात एक माणूस मात्र हसत नव्हता. वरच्या मजल्यावर राहणारे सुबिमलबाबू. सिनेमाच्या वेडापायी लग्न राहिलेलं, नोकरी सुटलेली. भाद्रपदात शेजारधर्म म्हणून मंडळाचं नाटक बघायला आले होते, आणि मराठीचं अक्षर कळत नसताना शेवटपर्यंत बसले होते. ते जेवणानंतर हेमाजवळ आले. हेमाला कामापुरती बंगाली येत असे; ते तिला बौदी, म्हणजे वहिनी, म्हणत.

"बौदी, नाटकात श्रीधरदा मधेच थांबायचे आणि काही तरी ऐकायचे. मला वाटलं, काय अभिनय आहे. असं ऐकणारा नट मी पाहिला नाही. आज कळलं, ते खरंच ऐकत होते."

"तुमची फसवणूक झाली म्हणायची," हेमा म्हणाली.

"नाही," सुबिमलबाबू म्हणाले. "मला माझा सिनेमा सापडला."

सिनेमा असा होता. कलकत्त्याजवळ बजबजला नदीकाठी तागाच्या गोदामाचा एक रखवालदार. परप्रांतातला, एकटा पडलेला. त्याला एक आवाज ऐकू येतो आणि आवाज सांगेल तसं तो वागत जातो. आधी बायकोला घरात कोंडतो, मग तिचं अन्न तोडतो, आणि शेवटी स्वतः घाटाच्या पायऱ्या उतरून पाण्यात जातो. मोठा स्टुडिओ नाही, शेट नाही. मित्रांनी वर्गणी काढलेली, कॅमेरा मागून आणलेला. तो चालू झाला की शिवणयंत्रासारखा खडखडे. त्यामुळं बोलणी नंतर वेगळी भरायची होती, आणि चित्र घेताना कॅमेऱ्यामागून कोणी कितीही बोललं तरी चालणार होतं.

"तुम्ही मागून सांगत जा," सुबिमलबाबू हेमाला म्हणाले. "तुमच्या भाषेत. तो आवाज मी सिनेमातही तसाच ठेवणार. बघणाऱ्याला एक शब्द कळायचा नाही. फक्त त्याच्या चेहऱ्याला कळेल."

श्रीधरला विचारलं तर तो लहान मुलासारखा हरखला. बँकेच्या काउंटरमागं आयुष्य चाललेलं. सिनेमा म्हणजे लॉटरीच. हेमाला एवढंच वाटलं, की मी आहेच मागं.

माघापासून रविवारी आणि सुटीच्या दिवशी बजबजला काम सुरू झालं. बायकोचं काम लीना करी. गावोगावी ग्रुप थिएटरची नाटकं करणारी पंचविशीतली बंगाली मुलगी, काळीसावळी, पोटभर हसणारी. पण कॅमेरा सुरू झाला की तिच्याकडे बघवत नसे. कोंडलेल्या खोलीत ती दाराच्या फटीला तोंड लावून हवा ओढी, तेव्हा हेमाचा स्वतःचा श्वास अडके. आणि "झालं" म्हटलं की हीच लीना नळावर तोंड धुऊन मुरमुऱ्यांत कच्ची मिरची चावत बसे.

श्रीधरचं तसं नव्हतं. सुबिमलबाबू त्याला सकाळपासून अंधाऱ्या खोलीत एकटं बसवत, कोणी बोलायचं नाही. मग बाहेर आणत आणि हेमाला खूण करत.

नवऱ्याला अरे-तुरे करायची जीभ हेमाला नव्हती. ती घरातल्यासारखंच बोलली.

"उठा. दार लावा. कडी बघा. परत बघा, नीट बसली नाही."

श्रीधर उठला, दार लावलं, कडी बघितली. परत बघितली. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते हेमानं बारा वर्षांत पाहिलं नव्हतं. राग नव्हता, क्रूरपणाही नव्हता. भिंतीवर पाल घट्ट चिकटून बसते, तशी एक शांतता होती. दारापलीकडे लीना किंचाळत होती आणि हा कडी गोंजारत होता.

कॅमेरा थांबला तरी तो कडीवर हात ठेवून उभा.

"अहो, झालं. या आता," हेमा म्हणाली, तेव्हा तो वळला.

मुरमुरे खाता खाता लीना तिला म्हणाली, "बौदी, आमच्या गुरूंनी शिकवलंय. काम संपलं की साडीबरोबर बाईही खुंटीला टांगायची. दादांना खुंटीच नाही."

"मग ते कुठं टांगतात?"

"तुमच्यावर," लीना म्हणाली आणि हसली नाही.

घाटाचं काम शेवटी ठेवलं होतं. भरती लागायच्या बेतात होती, पायऱ्यांवर शेवाळ. हेमा वरच्या भिंतीपाशी उभी राहिली. सुबिमलबाबूंनी हात खाली केला.

"उतरा," हेमा म्हणाली. "अजून एक पायरी. घाबरू नका, मी आहे. उतरा. अजून एक."

श्रीधर उतरत गेला. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं. दर पायरीला तो थांबे, मान किंचित मागं वळवी, आणि ऐकू आलं की पाऊल टाकी. सुबिमलबाबू 'अजून, अजून' असा हात हलवत होते. हेमानं त्यांच्याकडं बघायचं सोडलं.

"पुरे. या वर आता," ती मोठ्यानं म्हणाली.

श्रीधर वळला आणि पायऱ्या चढून वर आला. लीनानं त्याच्या अंगावर गमछा टाकला. त्याचे दात वाजत होते. हेमाला ती हळूच म्हणाली, "तुम्ही बोलला नसता, तर हे आले नसते."

पावसाळ्यात एका छोट्याशा बंद खोलीत हेमानं तीच सगळी वाक्यं यंत्रापुढं पुन्हा म्हटली. शेवटचं 'या वर आता' सुद्धा म्हटलं. सुबिमलबाबूंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वाकून तिच्या पायांना हात लावला. आपण काही मोठं केलं, असं हेमाला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

तोवर घरात सुरू झालं होतं.

पहिल्यांदा ताटावर. श्रीधर घास उचले आणि थांबे. हेमाला वाटलं, बँकेचा विचार असेल. सवयीनं ती म्हणाली, "जेवा." तो जेवला. मग बुटांपाशी, मग आंघोळीच्या बादलीपाशी. तो थांबायचा, मान जरा डावीकडे करायचा, आणि हेमा स्वयंपाकघरातून सांगायची. "बूट घाला." "पाणी घ्या." "अहो, छत्री." कुठल्या बायकोनं हे म्हटलेलं नाही? गाडं सुरळीत चालत होतं, उलट पहिल्यापेक्षा जास्त सुरळीत. पावसाळा सरेस्तोवर तो सांगितल्यावाचून कूस बदलेनासा झाला. बँकेतून साहेबांचा निरोप आला, की शिंत्रे काउंटरवर नोटा हातात धरून नुसते बसून राहतात, काही महिने घरीच आराम करू द्या.

भाऊबीजेला श्यामला हावड्याहून आली. तिचा नवरा रेल्वेत होता. तिनं पाट मांडला, रांगोळी काढली, निरांजन लावलं.

"दादा, बस."

श्रीधर पाटाशी उभा राहिला. श्यामलाकडे न बघता हेमाकडे बघत राहिला.

"बसा," हेमा म्हणाली. तो बसला.

श्यामलानं ओवाळलं, सुपारी आणि अंगठी भोवती फिरवली, लाडू पुढं केला. त्याचं तोंड मिटलेलं. पुन्हा डोळे हेमाकडे. "तोंड उघडा," हेमाला म्हणावं लागलं. श्यामलाच्या हातातलं तबक कललं आणि निरांजनातलं तूप त्यात सांडलं.

स्वयंपाकघरात येऊन ती म्हणाली, "वहिनी, तू माझ्या भावाचं काय केलंस?"

"मी काय केलं? मी त्यांचं सगळं करते."

"तेच म्हणते मी. कळसूत्री बाहुलीचंसुद्धा सगळं करावं लागतं."

हेमाला ते झोंबलं. रडली, भांडली, श्यामलाला तिच्या सासरवरून बोलली. पण दुसऱ्या दिवशी दोघी मिळून श्रीधरला मनाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेल्या. डॉक्टर म्हातारे होते, शांत होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "तो थांबला आणि तुम्ही बोललाच नाहीत, तर?"

"तर... तसेच राहतील."

"बघितलंय कधी?"

हेमानं बघितलं नव्हतं. नट थांबला की विचार करायचा नाही, हेच तिला ठाऊक.

"पुढचा शब्द देऊ नका," डॉक्टर म्हणाले. "कितीही जिवावर आलं तरी. त्याचा त्याला सापडू दे."

हेमाला नवरा परत हवा होता. कसाही चालला असता. विसराळू, अडखळणारा, पण आपला आपण पाण्याचा पेला उचलणारा. त्यासाठी तिनं जीभ आवळली. तो हिवाळा तिला जन्मभर आठवणार होता. श्रीधर बादलीपाशी उभा राही, पाणी निवून जाई, आणि हेमा पलीकडच्या खोलीत पदराचा बोळा तोंडात धरून बसे. ताटावरचं वरण साय धरी. पहिले काही दिवस तो उपाशी राहिला, हडकला. शेजारणी म्हणाल्या, नवरा वेडा आणि बायको दगड. हेमानं तेही ऐकून घेतलं.

आणि मग पौषात, एका सकाळी, ती भाजीची पिशवी शोधत असताना मागून आवाज आला.

"आज मासळी आणू का?"

हेमा वळली नाही. वळली असती तर रडू फुटलं असतं. "आणा की," एवढंच म्हणाली, आणि हे विचारल्यावर दिलेलं उत्तर आहे, सांगणं नव्हे, असं मनाशी घोकत राहिली. श्रीधर बाजारात गेला, रुई माशाचे तुकडे घेऊन आला, वर लिंबंही आणली. लिंबं कोणी सांगितली नव्हती. त्या लिंबांकडे ती दिवसभर बघत होती.

माघात तो पुन्हा बँकेत जाऊ लागला. त्याच सुमारास सुबिमलबाबू खाली आले, दाढी केलेली, धुतलेला पंजाबी झब्बा घातलेला. एका थेटरात सकाळचा खेळ मिळाला होता. ज्यांनी आधी पाहिला त्या जाणत्या लोकांनी लीनाचं आणि श्रीधरचं नाव काढलं होतं.

"आम्हाला जमायचं नाही," हेमा दारातूनच म्हणाली.

पाठीमागून श्रीधर म्हणाला, "मला बघायचाय."

हेमा दारातून बाजूला झाली. त्याची स्वतःची इच्छा, कोणी न सुचवलेली. तिला नको म्हणायचं कुठल्या तोंडानं? पुढचा शब्द देऊ नका, असं सांगणाऱ्यानं त्याचा स्वतःचा शब्द खोडा असं तर सांगितलं नव्हतं.

रविवारी मंडळाची बरीच मंडळी आली होती. आपला माणूस सिनेमात, म्हणून बायका शालू नेसून आल्या होत्या. अंधार झाला. पडद्यावर श्रीधरचा चेहरा आला, घराएवढा. आणि हेमाचा आवाज आला. ती एकदम दचकली. भिंतींतून, डोक्यावरून, खुर्चीच्या खालून आपलाच आवाज: "उठा. दार लावा."

"अगोबाई, ही तर हेमा," मागच्या रांगेत कोणी तरी फिसकन हसलं. "घरच्यासारखंच बोलते की."

थोड्याच वेळात ते हसू बंद झालं. दाराच्या फटीला तोंड लावून लीना श्वास ओढू लागली तेव्हा एक बाई उठून बाहेर गेली. बंगाली प्रेक्षकांना शब्द कळत नव्हते. ते श्रीधरच्या चेहऱ्याकडे बघत होते आणि थिजले होते. मराठी माणसांना शब्द कळत होते. रोज सकाळी प्रत्येक घरात म्हटले जाणारे साधे शब्द. त्यांची दशा जास्त वाईट होती. श्रीधर हेमाच्या शेजारी ताठ बसला होता, मान डावीकडे. तिनं त्याचा हात धरला. थंडगार होता.

घाट आला. "उतरा. अजून एक पायरी. घाबरू नका, मी आहे. उतरा. अजून एक."

पडद्यावरचा श्रीधर छातीभर पाण्यात थांबला, मान मागं वळवली. हेमा मनातल्या मनात म्हणाली, पुरे, या वर आता.

पडदा काळा झाला. दिवे लागले. टाळ्यांनी थेटर दणाणलं.

बाहेर लीनानं सुबिमलबाबूंना गाठलं. "शेवटचं वाक्य कुठं गेलं? बौदी त्यांना वर बोलावतात ते?"

"काढलं," सुबिमलबाबू म्हणाले. "माणूस वर आला तर सिनेमा कसला, लीना? लोक घरी काय घेऊन जातील?"

श्रीधर तिथंच उभा होता. लोक येऊन हात मिळवत होते, तो हात देत होता.

ट्राममध्ये तो म्हणाला, "हेमा, पुढे?"

वाक्य तिच्या जिभेवर आलं होतं. तीन शब्दांचं वाक्य. पण एवढे महिने जीभ आवळून जे मिळवलं होतं, ते ट्रामच्या बाकावर बसून घालवायचं? एकदा दिलं की पुन्हा बुटांपाशी, पुन्हा बादलीपाशी. ती खिडकीबाहेर बघत राहिली.

जेवणं झाल्यावर ती मटार सोलत बसली होती. तो स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. चेहरा शांत होता, वेडाचं त्यात काही नव्हतं. काही हरवलं की माणूस घरच्यांना विचारतो, तसं त्यानं विचारलं.

"त्या पायरीनंतर काय होतं गं? मला लागत नाही."

हेमानं शेंग मोडली. दाणे परातीत पाडले. आणि डॉक्टरांची आठवण धरून, सगळा जीव गोळा करून ती म्हणाली,

"तुम्हीच आठवून बघा."

"बरं," श्रीधर म्हणाला.

सोमवारी तो आपला आपण उठला. आंघोळ केली, बूट घातले, नाड्या बांधल्या. कुठंही थांबला नाही. डब्याला मात्र हात लावला नाही. हेमानं तो पुढं केला, तर म्हणाला, "नको, लागायचा नाही." दाराशी "येतो" म्हणाला. हेमानं देवापुढं साखर ठेवली आणि श्यामलाला कार्ड टाकायचं ठरवलं, की तुझा दादा परत आला.

तो बँकेत गेला नाही. टॉलीगंजहून बजबजची लोकल धरली. घाटावरच्या नावाड्यानं नंतर पोलिसांना आणि मग हेमाला सांगितलं, की बाबू चांगल्या घरचा दिसत होता, बूट काढून पायरीवर नीट जोडून ठेवले होते. छातीभर पाण्यात बराच वेळ उभा होता. तोंड नदीकडे नव्हतं, मागं वळलेलं होतं, वरच्या भिंतीकडे. "मला वाटलं, कोणी तरी हाक मारणार आहे त्याला. म्हणून मी ओरडलो नाही. मग भरतीचं पाणी आलं."

हेमा त्या भिंतीपाशी गेली, महिनाभर रोज जात राहिली. तिथं उभी राहून ती काय म्हणत असे ते नावाड्याला कळत नसे, भाषा वेगळी होती. सुबिमलबाबूंचा सिनेमा आणखी दोन आठवडे चालला. लीनानं त्यांच्याबरोबर पुन्हा काम केलं नाही.

श्रीधर दत्तात्रय शिंत्रे सोमवार, १२ फेब्रुवारी १९७३ रोजी बजबजच्या घाटावर बुडून वारले. तेव्हा ते अडतीस वर्षांचे होते.